घड उन्हाळ्यात धरतो: ख्रिस्ती संसार पायरीपायरीने उभा करताना

एप्रिलमध्ये तासगाव रस्त्याने गेलात तर द्राक्षबागा बघून नवख्या माणसाच्या पोटात कालवतं. माल नुकताच निघालेला असतो आणि मालकाने वेलीची सगळी काडी उतरवून टाकलेली असते. राहतात ती नुसती बोडकी खोडं आणि ओलांडे, म्हणजे मांडवावरचे आडवे फाटे. ही खरड छाटणी. तिच्यावर एकही द्राक्ष धरत नाही. ऑक्टोबरात दुसरी छाटणी होते, तिच्यानंतर घड दिसू लागतात आणि लोक कौतुक करतात ते त्या घडांचं. माझे सासरे सांगायचे, ऑक्टोबरात घड फक्त बाहेर येतो, धरतो तो उन्हाळ्यात. नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, कुणाला दिसणार नाही असा. त्या दिवसांत ज्याने बागेकडे पाठ फिरवली, त्याने पुढे कितीही औषधं मारली तरी त्याच्या हाती पालाच लागतो.

मी निवृत्त नर्स आहे, मिरजेत राहते. आमचे हे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील म्हणजे जबाबदार ज्येष्ठ म्हणून सेवा करतात. गेली अनेक वर्षं पाळकसाहेब लग्न ठरलेली मुलं-मुली आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर चार-पाच संध्याकाळी बसतो. लग्न मोडायला आलेली जोडपीही येतात. त्या सगळ्यांना मी हीच छाटणीची गोष्ट सांगते, कारण नवराबायकोचा विश्वासूपणा संकटाच्या दिवशी तयार होत नाही. तो आधीच्या साध्या, कंटाळवाण्या दिवसांत धरलेला असतो किंवा नसतो. खाली दिलंय ते आम्ही त्या संध्याकाळी शिकवतो, त्याच क्रमाने.

पायरी पहिली: लग्नाआधीचे महिने

आपल्याकडे साखरपुडा ते लग्न हा काळ हॉल, आहेर आणि पत्रिकेत जातो. त्यातले निदान पाच तास वेगळे काढा. वधूवरांनी समोरासमोर बसून, घरचं कुणी ऐकत नसताना हे विचारून घ्यावं: तुझ्यावर कर्ज किती आहे, कुणाला जामीन आहेस का? लग्नानंतर आपण कुठे राहणार, आणि हे कोण ठरवणार? माझी नोकरी चालू राहील का? पगार कुणाच्या हातात जाईल? दारू किती, कधीपासून? आजाराची कोणती औषधं चालू आहेत? मूल झालं नाही तर? आणि शेवटचा, जो विचारायला सगळे कचरतात: हे लग्न तुला स्वतःला हवंय की घरच्यांना?

या शेवटच्या प्रश्नावर एक मुलगी आमच्या ओसरीत गप्प बसली ती बसलीच. ते लग्न झालं नाही. दोन्हीकडचे लोक आमच्यावर वर्षभर रागावले होते. तरीही मी तो प्रश्न आजही विचारते.

नर्स म्हणून आणखी एक. दोघांनीही रक्ततपासणी करून घ्या, एचआयव्हीची चाचणी धरून. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. फक्त मुलीला तपासायला पाठवणाऱ्या घराला मी स्पष्ट सांगते, दोघांचीही होईल, नाहीतर कुणाचीच नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. आपली लग्नं १८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात. वराला २१ आणि वधूला १८ वर्षं पूर्ण हवीत. लग्न लावणाऱ्याला तसा अधिकार असावा लागतो, निदान दोन साक्षीदार लागतात आणि नोंदवहीत सह्या होतात. दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी हा कायदा चालतो. लग्नाचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या आणि दोन प्रती काढून ठेवा. पुढे पासपोर्ट, पेन्शन, वारस अशा प्रत्येक ठिकाणी तो लागतो, आणि पन्नास वर्षांनी जुनी वही शोधत फिरणाऱ्या विधवा मी पाहिल्या आहेत.

पायरी दुसरी: वचन पाठ करा

वेदीपुढे पाळक एकेक तुकडा सांगतात आणि वधूवर मागोमाग म्हणतात. फोटोग्राफरचा दिवा तोंडावर असतो, घाम फुटलेला असतो. आपण काय बोललो हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. म्हणून आम्ही ते वचन आधीच हाताने लिहून काढायला लावतो. सुखात आणि दुःखात, संपत्तीत आणि गरिबीत, आजारात आणि आरोग्यात, मरण वेगळं करेपर्यंत. लिहिताना लक्षात येतं की त्यात कुठेही ‘तू नीट वागलास तर’ असं नाही.

मलाखी संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात पत्नीला कराराची पत्नी म्हटलंय, आणि त्या करारात परमेश्वर स्वतः साक्षीदार आहे असं म्हटलंय. करार हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या कागदाला वापरतात, म्हणून तो कोरडा वाटतो. शास्त्रातला करार मात्र देवाने नोहाशी, अब्राहामाशी, आपल्या लोकांशी केला तसा असतो. समोरचा चुकला तरी देव आपल्या शब्दावरून हलला नाही. आपण लग्नात उसनं घेतो ते हे.

ते लिहिलेलं वचन आमच्या घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. कागद पिवळा पडलाय. साडी काढताना रोज दिसतो.

पायरी तिसरी: आईबाप सोडणं म्हणजे नक्की काय

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की पुरुष आपल्या आईबापाला सोडून आपल्या बायकोला जडून राहील आणि ती दोघं एकदेह होतील. प्रभू येशूने मत्तयाच्या १९व्या अध्यायात हेच वचन पुन्हा सांगितलं. आणि विचित्र गोष्ट बघा, त्या वचनात सोडायचं आहे पुरुषाने. आपल्याकडे घर सोडते ती मुलगी. मुलगा त्याच खोलीत, त्याच पलंगावर, आईच्या त्याच हाकेच्या अंतरावर असतो.

याचा अर्थ म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं असा कुणी लावला तर ते पाप होईल. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा दहा आज्ञांतली आहे. देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापाला द्यायचं टाळणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत सुनावलंय. सोडायची असते ती पहिली जागा. आईला औषध आणायचं, तिचे पाय चेपायचे, पण बायकोशी न बोलता आईशी बोलून निर्णय करायचा नाही.

माझा पहिला पगार सासूबाईंच्या हातात गेला. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही म्हटलं नाही. पैशाचं दुःख नव्हतंच. दुःख याचं होतं की पाकीट हातात देताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोलून दाखवायला मला तीन वर्षं लागली. तोवर त्याचा खडा झाला होता.

करायचं काय, तर लग्नाच्या पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून चार गोष्टी ठरवाव्यात आणि मुलाने त्या स्वतःच्या आईवडिलांना स्वतः सांगाव्यात. सुनेच्या तोंडून नको. घरात महिन्याला किती द्यायचं. माहेरी कधी आणि किती दिवस जायचं. खोलीचं दार कधी बंद राहील. आणि आमचं भांडण झालं तर आधी कुणाकडे जाणार. बायकोच्या आईनेही एक नियम पाळावा, मुलीला दिवसातून पाच फोन करून तिच्या घरातली भाजी विचारू नये. सासरची माणसं नेहमी चुकतात आणि माहेरची कधीच नाही, असं नसतं.

नवरा पुण्या-मुंबईला किंवा फौजेत असेल तर हे अधिकच जपावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लिहिलंय की नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहायचं तर संमतीने आणि ठरावीक काळापुरतं. म्हणजे किती महिने, केव्हा एकत्र येणार, हे ठरवून आणि तारीख लिहून. ‘बघू पुढे’ म्हणत दहा वर्षं गेलेली घरं मी पाहिली आहेत.

पायरी चौथी: इफिसचा पाचवा अध्याय पुरता वाचा

लग्नात पौलाच्या इफिसकरांस पत्रातला हा उतारा वाचला जातो आणि लक्षात राहतं एकच वाक्य, स्त्रियांनी आपल्या पतीच्या अधीन असावं. कुठल्याही भांडणात पुरुषाला ते बरोबर आठवतं. म्हणून आम्ही पवित्र शास्त्र त्याच्याच हातात देतो आणि मोजायला लावतो. एकविसावी ओवी दोघांनाही सांगते, ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. त्यानंतर बावीस ते चोवीस या तीन ओव्या पत्नीला आहेत. पंचवीसपासून पुढचा जवळजवळ सगळा अध्याय पतीला आहे. आणि पतीपुढे ठेवलेलं माप काय, तर ख्रिस्ताने मंडळीवर प्रेम करून तिच्यासाठी स्वतःला दिलं, तसं. पती पत्नीचं मस्तक आहे, जसा ख्रिस्त मंडळीचं, असंही तिथे म्हटलंय. पण ख्रिस्ताने मस्तक म्हणून काय केलं? कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले.

एका सभेत मी हे बोलले तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “बाई, मग घरात शेवटचा शब्द कुणाचा?” मी त्यांना विचारलं, तुमच्या घरी पाणी भरायला पहाटे पहिलं कोण उठतं? जो मस्तक असल्याचं सांगतो त्याने आधी उठावं. अध्यायाचा अर्थ मला तरी असाच लागतो. पदाचा मान मागणारा नवरा मला त्यात कुठे सापडत नाही.

रोजच्या कामाला हे लावायचं तर एक आठवडा करून बघा. प्रत्येकाने वहीत लिहायचं, आज मी तुझ्यासाठी माझं काय बाजूला ठेवलं. झोप, मॅच, फोन, मत, काहीही. दुसऱ्याचं लिहायचं नाही, फक्त स्वतःचं. आठव्या दिवशी वह्या अदलाबदल करा.

पायरी पाचवी: रोजची दहा मिनिटं आणि एप्रिल

प्रार्थना. इथे मोठे बेत करू नका. पहाटे चारला उठून तासभर बसायचं ठरवणारी नवी जोडपी तिसऱ्या आठवड्यात थांबतात आणि मग अपराधीपणाने एकदमच सोडतात. रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली की दहा मिनिटं. स्तोत्रसंहितेतला एक तुकडा, मग एकमेकांसाठी एकेक वाक्य, मोठ्याने, नाव घेऊन. ‘प्रभू, आज कुपवाडच्या कंपनीत ह्यांना जे बोलणं ऐकावं लागलं त्यात त्यांना धीर दे.’ असं बायकोच्या तोंडून ऐकलेला पुरुष त्या रात्री सहसा तिच्यावर ओरडत नाही. एकाची रात्रपाळी असेल तर फोनवर करा. भांडण झालेलं असेल तरी करा, निदान प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा. ‘जशी आम्ही आमच्या ऋण्यांना क्षमा केली’ इथे पोचल्यावर आवाज अडकतो, आणि तो अडकायलाच हवा.

आठवड्यातून एकदा तासभर फक्त दोघांनी फिरायला जावं. रविवारी उपासनेनंतर सांगलीत कृष्णेच्या घाटावर, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, जिथे जमेल तिथे. मुलं आजीकडे, फोन घरी.

आणि वर्षातून एकदा खरड छाटणी. आम्ही ती खरोखर एप्रिलमध्येच करतो, ईस्टरनंतर, ह्यांच्या गावी. अर्धा दिवस, दोन कोरे कागद. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या: या वर्षी तुझ्यामुळे मला बळ कशाने मिळालं, मला लागलेलं आणि मी न बोललेलं काय आहे, आणि आपल्या दोघांतलं काय आता कापून टाकायला हवं. कागद बदलायचे, शांतपणे वाचायचे, पंधरा मिनिटं कुणी उत्तर द्यायचं नाही. ही पंधरा मिनिटं फार अवघड असतात. योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की फळ देणाऱ्या फाट्यालाच पिता साफसूफ करतो, अधिक फळ यावं म्हणून. म्हणजे सगळं बरं चाललेल्या घरालाही कात्री लागते.

कापायचं सहसा लहानच असतं. गीतरत्नात द्राक्षमळ्यांची नासाडी करणारे लहान कोल्हे धरा असं म्हटलंय, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चारचौघांत बायकोच्या स्वयंपाकावर केलेली थट्टा. नवरा बोलत असताना मोबाईलवरून न उचललेली नजर. दर भांडणात उकरून काढलेला हुंड्याचा विषय.

पायरी सहावी: पैसा

लग्नानंतर अकराव्या वर्षी ह्यांनी एका नातेवाइकासाठी पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली. मला सांगितलं नाही. नातेवाइकाने हप्ते थांबवले आणि नोटीस आमच्या दारात आली. आम्ही ते कर्ज सहा वर्षं फेडलं, माझ्या बांगड्या मोडून सुरुवात केली. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात जामीन राहणाऱ्याला स्पष्ट इशारा आहे, तो आम्ही दोघांनी शंभर वेळा वाचलेला होता. पण मला झोप लागायची नाही ती रकमेमुळे नाही. सही करून आलेल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला होता, नेहमीसारखा, आणि काही बोलले नव्हते.

म्हणून माझा ठाम नियम आहे, दोघांच्या संमतीशिवाय जामीन नाही, सोनेतारण नाही, भिशी नाही, हातउसने नाही. सख्ख्या भावालाही ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायचं. यात पुरुषाचा कमीपणा नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसून हिशोब करा: दानाचं आधी बाजूला, मग घरखर्च, हप्ते, आईवडील, पिग्मी. दोघांनाही न विचारता खर्चायला थोडी रक्कम ठेवा. बायको कमावत नसली तरी तिच्या हातात तिचे पैसे हवेत. आणि बँकेची पासबुकं कुठे आहेत, विमा कुणाच्या नावाने आहे, हे दोघांनाही माहीत हवं.

पायरी सातवी: राग आणि क्षमा

राग येऊ नये असं शास्त्र म्हणत नाही. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं इफिसच्या चौथ्या अध्यायात आहे. प्रत्येक भांडण त्याच रात्री मिटवा असा याचा अर्थ मी घेत नाही. दमलेली माणसं रात्री बारा वाजता फक्त बिघडवतात. पण ‘मी तुला सोडून जाणार नाही, उद्या सकाळी बोलू’ एवढं म्हणून झोपा.

माफी मागायची तर नीट मागा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे. मी काय केलं ते नाव घेऊन सांगा, त्याने तुझं काय नुकसान झालं ते सांगा, मी काय बदलणार ते सांगा, आणि थांबा. क्षमा लगेच मिळायला हवी असा हट्ट धरू नका. जामिनाच्या प्रकरणानंतर ह्यांनी माझ्यापुढे बसून अशी माफी मागितली. मी आठ महिन्यांनी हो म्हटलं. त्या आठ महिन्यांत त्यांनी एकदाही ‘किती दिवस धरून बसणार’ असं विचारलं नाही. आमचं लग्न त्यानेच वाचलं असं मला वाटतं.

आता जे सांगते ते मंडळीतल्या वडिलांनीही वाचावं. मारहाण ही क्षमेने झाकायची गोष्ट नाही. ड्युटीवर मी किती बायकांच्या केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पडली’ असं लिहिलेलं पाहिलं, आणि त्यांतल्या काही रविवारी माझ्याच शेजारी बसून गाणी म्हणत होत्या. त्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं असे, प्रार्थना कर, सहन कर, तुझ्या सोसण्याने तो बदलेल. मलाखीच्या ज्या अध्यायात कराराच्या पत्नीविषयी लिहिलंय, तिथेच जुलूम करणाऱ्याचा देवाला वीट आल्याचंही लिहिलंय. पेत्र तर म्हणतो की पत्नीला मान न देणाऱ्याच्या प्रार्थनेतच अडथळा येतो. करार मोडतो तो हात उचलणारा. जीव वाचवायला बाहेर पडणारी बाई तो मोडत नाही.

तेव्हा काय करायचं: आधी सुरक्षित जागी जा, मुलांना घेऊन. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. दवाखान्यात खरं कारण सांगून ते कागदावर लिहून घ्या. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि राहत्या घरातून तुम्हाला हुसकावता येत नाही. पाळकांनी अशा जोडप्याला एका खोलीत समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नये. त्याच्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजेल.

पायरी आठवी: डोळ्यांशी करार

ईयोब एकतिसाव्या अध्यायात म्हणतो, मी माझ्या डोळ्यांशी करार केला आहे. प्रभू येशूनेही व्यभिचाराची सुरुवात नजरेत आणि मनात होते असं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. आज ती सुरुवात बहुतेक वेळा मोबाईलवर होते. जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप, त्यातून एकाचा वेगळा मेसेज, ‘तुझं कसं चाललंय’, आणि मग नवऱ्याला न सांगितलेलं दुःख त्याला सांगितलं जातं. शरीर फार पुढे येतं, मन आधीच घर सोडून गेलेलं असतं.

साधी कसोटी: हा मेसेज मी जोडीदाराच्या शेजारी बसून लिहिला असता का? नाही, तर लिहू नका. फोनचं कुलूप दोघांनाही उघडता यावं, पण एकमेकांचे फोन रोज तपासत बसू नका. पहारा बसला की विश्वासाची जागा पोलिसाने घेतली. कुणाकडे मन ओढ घेतंय असं जाणवलं तर ते लवकर एखाद्या परिपक्व विश्वासू माणसाला सांगा, पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. अंधारात ठेवलेलं वाढतं.

आणि घडून गेलं असेल तर? पहिलं, ते नातं पूर्ण तोडायचं, ‘फक्त मैत्री’ नाही. दुसरं, खरं एकदाच आणि पूर्ण सांगायचं. तुकड्यातुकड्याने बाहेर येणारं सत्य दर वेळी नव्याने जखम करतं. तिसरं, दोघांनीही तपासणी करून घ्यायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा. चौथं, पाळक किंवा समुपदेशकाकडे वर्षभर जात राहायचं. क्षमा हे देणाऱ्याचं दान आहे, पण पुन्हा विश्वास बसणं हे चुकलेल्याच्या वागण्यावर अवलंबून असतं, आणि त्याला वेळ लागतो. शास्त्रातल्या होशेय संदेष्ट्याने आपल्या व्यभिचारी बायकोला परत घरी आणलं, तेही किंमत देऊन.

सगळी घरं मात्र जुळत नाहीत. मत्तयाच्या १९व्या अध्यायात व्यभिचाराचा अपवाद प्रभूने स्वतः बोलून दाखवला आहे, आणि त्यावरून बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या अशा वेळी घटस्फोट मान्य करतात. रोमन कॅथलिक मंडळी वैध विवाह मोडता येत नाही असं शिकवते. कायद्यात १८६९चा घटस्फोट कायदा लागू होतो. २००१पर्यंत त्यात बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे, नवऱ्याला मात्र नुसता व्यभिचार पुरे. त्या साली ही असमानता गेली आणि परस्पर संमतीचा मार्गही आला. चर्चच्या पत्राने कायद्यातलं लग्न मोडत नाही, न्यायालयातच जावं लागतं. मोडलेल्या घरातल्या बाईला प्रभूभोजनाच्या रांगेत मागे सरकवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिच्या शेजारी उभं राहा.

दोघांची श्रद्धा वेगळी असेल तर

आपल्या मंडळ्यांत अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी बोलताना मला नेहमी टिळक दांपत्य आठवतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, काही वर्षं दोघं दूर राहिली. नंतर त्या नांदायला आल्या त्याही आपला धर्म आणि सोवळं सांभाळत. टिळकांनी ते चालू दिलं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळक साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पौलाचं सांगणं असंच आहे, विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका. पेत्र म्हणतो, वचनावाचून, वागणुकीने तो मिळवला जाईल. रोज जेवताना टोचून उपदेश करू नका. दिवाळीत सासूबाईंना चकल्या करू लागा, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

मूल, आजार, म्हातारपण

मूल होत नसेल तर आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा, ती सोपी आणि स्वस्त असते, आणि तरीही वर्षानुवर्षं सुया मात्र बायकोलाच टोचल्या जातात. जखऱ्या आणि अलीशिबा यांना मूल नव्हतं तेव्हाच लूकने त्या दोघांना देवाच्या दृष्टीने नीतिमान म्हटलंय. त्या घरात देवाचा शाप शोधणाऱ्यांनी ती ओवी वाचावी.

आजारात वचनाचे शब्द खरे होतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे सुरू केलेल्या इस्पितळापासून ती ओळख आहे, आणि आमची ख्रिस्ती वस्तीही त्याच्या सावलीत वाढली. वॉर्डात रात्रपाळीला मी एक म्हातारे बघायची. बायकोला पक्षाघात झालेला, वाचा गेलेली. ते तिची वेणी घालायचे. वाकडीतिकडी व्हायची, ते सोडून पुन्हा घालायचे. मी म्हटलं, “बाबा, मी घालते.” ते म्हणाले, “नको ताई. तिला माझ्या हाताची सवय लागू दे.” आम्हा नर्सांना त्यांनी वेणीला हात लावू दिला नाही, आणि डिस्चार्जच्या दिवसापर्यंत त्यांची वेणी सरळ येऊ लागली होती.

यंदाच्या एप्रिलमध्ये आम्ही गावी गेलो. ह्यांना आता कमी ऐकू येतं आणि साखरेच्या गोळ्या वेळेवर लागतात. ओसरीत बसून कागद बदलले. त्यांच्या कागदावर कापून टाकायच्या गोष्टीखाली एकच ओळ होती, ‘गोळी घ्यायची आठवण तू ओरडून करतेस. जवळ येऊन सांग.’ पंधरा मिनिटं बोलायचं नाही हा आमचाच नियम, म्हणून मी गप्प बसले. समोर बागेत गडी उतरवलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधत होते. नऊ वाजले तशी मी उठले, पाणी घेतलं, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि कानाशी सांगितलं.